राजपुत्र व्हायचंय मला! – उतेना आणि ओतोरी अकादमीतलं राजकारण

हॉस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाला राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही. मेस कमिटीवर कोण, गॅदरिंगचं सेक्रेटरीपद कोणाला, कोणती रूम कोणाच्या ग्रुपमधली, कोणाचं कोणाशी बोलणं बंद... ही सगळी माहिती पहिल्याच सेमिस्टरला आपोआप डोक्यात भरली जाते. (तेवढं एम-वन भरलं असतं तर!) म्हणूनच ज्या जपानी मालिकेविषयी मी लिहिणार आहे, ती आपल्यासारख्यांना पटकन जवळची वाटेल. तिच्यात जादू आहे, तलवारी आहेत, आकाशात उलटा लटकणारा किल्ला आहे. पण मुळात ती आहे एका निवासी शाळेतल्या कारस्थानांची गोष्ट.

मालिकेचं नाव 'शोजो काकुमेइ उतेना', म्हणजे साधारण 'क्रांतिकारी मुलगी उतेना'. आजकाल आपल्याकडे अ‍ॅनिमे म्हटलं की 'नारुटो' आणि 'वन पीस'वर गाडी थांबते. ही त्यांच्याही आधीची. २ एप्रिल १९९७ ते २४ डिसेंबर १९९७ या काळात टीव्ही टोकियोवर तिचे ३९ भाग दाखवले गेले. दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा. त्याने याआधी 'सेलर मून'वर काम केलं होतं. मग स्वतःच्या मनासारखं काहीतरी करायचं म्हणून त्याने 'बी-पापास' नावाचा एक छोटा ग्रुप जमवला. त्यात मांगा काढणारी चिहो साइतो होती, लेखक योजी एनोकिदो होता. १९९९ मध्ये याच गोष्टीवर एक सिनेमाही आला, पण तो बराच वेगळा आहे. इथे फक्त मालिकेविषयीच बोलू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या लेखात शेवटही सांगितलेला आहे. ज्यांना आधी बघायचंय त्यांनी पान उलटावं, राग मानणार नाही.

ही राजपुत्र-मुलगी आली कुठून?

उतेना तेन्जो, वय १४. लहानपणी आई-वडील गेले. त्या दुःखात असताना एक राजपुत्र येऊन तिला धीर देतो आणि गुलाबाचं चिन्ह असलेली एक अंगठी देऊन जातो. आता परीकथेतल्या नियमाप्रमाणे मुलीने त्या राजपुत्राची वाट बघत बसायला हवं. पण उतेनाला तो एवढा आवडतो की ती ठरवते, आपणच राजपुत्र व्हायचं! म्हणून ती मुलांसारखा युनिफॉर्म घालते, बास्केटबॉलमध्ये मुलांना हरवते, आणि टीचर ओरडल्या की 'मुलींनी हा युनिफॉर्म घालू नये असं नियमात कुठे लिहिलंय?' म्हणून उलट विचारते.

ही कल्पना इकुहाराच्या डोक्यात अशीच टपकलेली नाही. जपानमध्ये १८९९ च्या एका सरकारी आदेशानंतर जागोजागी मुलींच्या माध्यमिक शाळा निघाल्या. घरापासून दूर, फक्त मुली, शिस्तीच्या शिक्षिका, डॉर्मिटरी... त्यातून एक वेगळंच जग तयार झालं आणि त्या जगाचं वेगळं साहित्यही. योशिया नोबुको या लेखिकेने १९१६ पासून मुलींच्या मैत्रीवरच्या कथा लिहिल्या आणि त्यांचा वाचकवर्गही मुख्यतः शाळकरी मुलींचाच होता.

त्याच सुमारास, १९१४ मध्ये, ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावात एका रेल्वे कंपनीच्या मालकाने मुलींची नाटक मंडळी सुरू केली. कारण अगदी व्यवहारी होतं. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत लोकांनी यावं, तिकिटं खपावीत! या मंडळीत पुरुषांची कामंही मुलीच करतात. (आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्व स्त्रीपार्ट करत होते, तिथे बरोबर उलटं.) ओसामु तेझुका हा मोठा चित्रकार याच गावात वाढला. १९५३ मध्ये त्याने राजपुत्राच्या वेषात वाढवलेल्या राजकन्येची मांगा काढली. मग १९७२ मध्ये रियोको इकेदाची 'रोज ऑफ व्हर्साय' आली, तिची नायिका पुरुषी पोशाखात फ्रान्सच्या राणीची रक्षक असते. उतेना ही या घराण्यातली पुढची मुलगी. फरक एवढाच, की आधीच्या दोघींना वाढवणाऱ्यांनीच मुलगा म्हणून वाढवलं. उतेनाने ते स्वतःचं स्वतः ठरवलंय.

द्वंद्वाचे नियम

ओतोरी अकादमीत मुलं आणि मुली दोघंही आहेत. पण गोष्टीतली बहुतेक कारस्थानं मुलींच्या भोवतीच फिरतात.

सुरुवात होते एका पत्रापासून. उतेनाची मैत्रीण वाकाबा स्टुडंट कौन्सिलच्या उपाध्यक्षाला, साइओन्जीला, प्रेमपत्र लिहिते. दुसऱ्या दिवशी ते पत्र नोटीसबोर्डावर! सगळी शाळा वाचून हसतेय. उतेनाचं डोकं फिरतं आणि ती साइओन्जीला सरळ आव्हान देते. शाळेच्या मागच्या जंगलात, लांबच लांब गोल जिना चढून गेल्यावर द्वंद्वाचं मैदान आहे. दोघांच्या छातीवर गुलाब, ज्याचा गुलाब आधी उडाला तो हरला. साइओन्जीकडे खरी तलवार, उतेनाकडे केंदोच्या सरावाची बांबूची. ती मोडते, आणि त्या मोडक्या तुकड्यानेच उतेना जिंकते.

जिंकल्यावर तिला कळतं की बक्षीस म्हणून आपल्याला एक मुलगी मिळालीये!

तिचं नाव अँथी हिमेमिया. चष्मा घालणारी, गुलाबाच्या बागेला पाणी घालणारी, कमी बोलणारी. कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ती 'गुलाबवधू'. जो द्वंद्व जिंकेल त्याची ती वाग्दत्ता, आणि तो सांगेल ते ती करणार. साइओन्जीची होती तेव्हा तो तिला थोबाडीत मारायचा, आणि ती मुकाट्याने सहन करायची. आता ती सामान घेऊन उतेनाच्या रूमवर हजर. पूर्वेकडच्या जुन्या डॉर्मिटरीत या दोघीच.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक तांत्रिक गंमत. सिनेमाचा पडदा सेकंदाला २४ फ्रेम्स मागतो, पण टीव्हीच्या बजेटमध्ये एवढी चित्रं काढणं परवडत नाही. तेझुकाच्या १९६३ च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'पासून जपानी टीव्हीवर एकच चित्र दोन-तीन फ्रेम ठेवायची आणि जुने शॉट पुन्हा वापरायची पद्धत रुळली. उतेनामध्येही जिना चढायचा तोच तो शॉट पुन्हा पुन्हा येतो. पण इकुहाराने या काटकसरीचाच उपयोग करून घेतला. दर वेळी तोच जिना, तेच कोरसमधलं गाणं. पाच-सहा भागांनंतर ती लढाई वाटत नाही, कर्मकांड वाटायला लागतं. कोणी तरी आखून दिलंय आणि सगळे निमूट पार पाडतायत, असं.

कारस्थानं दोन जातींची

पहिली जात लहान. हिची महाराणी म्हणजे नानामी, कौन्सिलच्या अध्यक्षाची धाकटी बहीण. भावाने अँथीकडे नुसतं बघितलं तरी हिचा जळफळाट. ती अँथीला पार्टीला बोलावते आणि घालायला असा ड्रेस देते की ओलं झालं की कापडच विरघळावं. भर पार्टीत अँथीची फजिती होते. तेव्हा उतेना टेबलक्लॉथ ओढून तिच्या भोवती गुंडाळते आणि तिच्याबरोबर नाचायला लागते. पुढे एकदा नानामी अँथीच्या सामानात गोगलगायी आणि असलेच प्राणी लपवते, पण अँथीला प्राण्यांची सवय, तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. नानामीचे भाग बघताना हसून हसून पोट दुखतं. अशी एक तरी नानामी प्रत्येक फ्लोअरवर असते, नावं घेत नाही!

दुसरी जात मोठी, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. कौन्सिलचे मेंबर्स भयंकर हुशार. कोणी तलवारबाजीत पहिलं, कोणी पियानोत. पण ही सगळी हुशार मंडळी का लढतायत? कारण त्यांना पत्रं येतात. पाठवणाऱ्याचं नाव 'जगाचा अंत'. पत्रात पुढचं द्वंद्व कधी, हे सांगितलेलं असतं आणि शेवटी जिंकणाऱ्याला 'जग बदलून टाकायची शक्ती' मिळेल असं आश्वासन. ती शक्ती कोणी पाहिलेली नाही. पत्र लिहिणाऱ्यालाही नाही. तरी सगळे लढतात, कारण बाकीचे लढतायत.

हे वाचून कोणाला अतिशयोक्ती वाटेल. मला नाही वाटली. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे मराठी बोलायला बंदी होती, आणि त्यासाठी एक लाकडी बिल्ला होता. जी मराठी बोलताना सापडेल तिच्या गळ्यात तो घालायचा. तिने तो दुसऱ्या मुलीला मराठी बोलताना पकडून तिच्या गळ्यात घालायचा. दिवस संपताना ज्या मुलीकडे बिल्ला, तिला दंड. सिस्टरना काहीसुद्धा करावं लागायचं नाही! शेवटच्या तासाला आम्हीच एकमेकींच्या बाकाजवळ कान देऊन बसायचो. मैत्रिणीला मुद्दाम चिमटा काढायचा, म्हणजे ती 'आई गं' म्हणेल. नियम कोणी केला, कधी केला, हे आमच्यापैकी एकीनेही कधी विचारलं नाही. बिल्ला आपल्याकडे नाही ना, एवढंच बघायचं.

ओतोरीतल्या गुलाबाच्या अंगठ्या बघताना मला तो बिल्ला आठवतो. चांगलं कारस्थान असंच असतं. त्याला पहारेकरी लागत नाहीत, आतलेच लोक ते चालू ठेवतात.

वाकाबाची रूम

मालिकेचा मधला टप्पा, भाग १४ ते २३, मला सगळ्यात जास्त आवडतो. इथे मिकागे नावाचा एक हुशार विद्यार्थी लोकांना मुलाखतीला बोलावतो. मुलाखतीची खोली म्हणजे लिफ्ट. बोलणारा मनातलं जसजसं बाहेर काढतो, तसतशी लिफ्ट खाली खाली जाते. आणि या मुलाखतीला येतात कोण? कौन्सिलचे हिरो नाहीत. त्यांच्या आजूबाजूचे लोक! कोणाची बहीण, कोणाची मैत्रीण, कोणाच्या मागे छत्री धरणारी मुलगी.

त्यातलाच २० वा भाग वाकाबाचा. साइओन्जीला शाळेतून काढून टाकलेलं असतं आणि ती त्याला स्वतःच्या रूममध्ये लपवते. रोज धावत पळत रूमवर यायचं, त्याच्यासाठी जेवण करायचं. ज्याने आपलं पत्र कचऱ्यात टाकलं त्याच्यासाठी! पण त्या दिवसांत वाकाबा अशी काही फुलते की वर्गातल्या मुली विचारायला लागतात, तुला झालंय काय? तो तिच्यासाठी लाकडाची पानाच्या आकाराची केसांची पिन कोरतो. आणि मग शाळेत परत घ्यायचं आमिष मिळाल्यावर तीच पिन मिकागेला देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी वाकाबाला ती पिन अँथीच्या केसांत दिसते.

तिच्या मनात येतं, काही लोक जन्मतःच खास असतात, त्यांना सगळं आपोआप मिळतं, आणि आपण आयुष्यभर टाळ्या वाजवायच्या. ती तलवार घेऊन आपल्याच जिवलग मैत्रिणीवर धावून जाते. ती काही वाईट मुलगी नाही. तिच्या दुखऱ्या जागेवर कोणीतरी नेमकं बोट ठेवलं आणि तिचं हत्यार करून घेतलं. हॉस्टेलमधल्या भांडणांत पुढे दिसणारी मुलगी बऱ्याचदा वाकाबा असते. लिफ्टमधला मिकागे कोणाला दिसतच नाही.

अँथी गप्प का?

शेवटच्या टप्प्यात कळतं की पत्रं लिहिणारा 'जगाचा अंत' म्हणजे शाळेचा प्रभारी अध्यक्ष आकिओ. उंच मनोऱ्यावर राहणारा, गोड बोलणारा, लाल गाडीतून फिरणारा. तो अँथीचा सख्खा भाऊ. उतेनालाही तो जाळ्यात ओढतो. आणि एके काळी जगातल्या सगळ्या मुलींना वाचवणारा राजपुत्र होता तोही हाच. लोकांची गाऱ्हाणी ऐकून, सगळ्यांसाठी लढून तो मरायला टेकला, तेव्हा बहिणीने त्याला लोकांपासून लपवलं. लोक चिडले, तिला चेटकीण ठरवलं, आणि लाखो तलवारींच्या रूपातला त्यांचा राग तेव्हापासून तीच सोसतेय. भावाच्या वाट्याला अध्यक्षपद, बहिणीच्या वाट्याला गुलाबवधूचं काम.

इथे लेखकांनी एक धाडस केलंय. अँथीला त्यांनी बिचारी गरीब गाय ठेवलेलं नाही. भाऊ काय करतोय हे तिला पहिल्यापासून माहीत आहे, त्याच्या डावांत ती सामील आहे. उतेना तिच्यासाठी शेवटचं द्वंद्व लढत असताना अँथी तिच्या पाठीत तलवार खुपसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून टाकला होता. एवढं केलं हिच्यासाठी, आणि ही अशी!

पण 'एवढं केलं' म्हणजे नेमकं काय? उतेनाने अँथीला पुन्हा पुन्हा जिंकलं. तिला चारचौघींसारखी हो म्हणाली, मैत्रिणी कर म्हणाली. सगळं चांगल्या मनाने. पण तुला काय हवंय, हे तिने जवळजवळ कधीच विचारलं नाही. साइओन्जीच्या हातात अँथी ही वस्तू होती, उतेनाच्या हातात ती 'वाचवायची मुलगी' झाली. नियम तोच राहिला, फक्त मालक बदलला, चांगला मिळाला एवढंच. राजपुत्र व्हायचं तर वाचवायला कोणीतरी लागणारच ना! ही गोम उतेनाच्या लक्षात यायला ३९ भाग लागतात.

शेवटच्या भागात उतेना जखमी असते. नुसत्या हातांनी ती दरवाजा उघडते आणि आत अडकलेल्या अँथीकडे हात पुढे करते. अँथी पहिल्यांदाच स्वतःहून हात देते. बोटं सुटतात, अँथी खाली पडते, आणि सगळा राग उतेनावर येऊन कोसळतो. आपल्याला राजपुत्र होता आलं नाही, असं वाटतच उतेना नाहीशी होते.

मग शाळा पुन्हा भरते. उतेना तेन्जो नावाची मुलगी होती, हेसुद्धा हळूहळू मुलं विसरतात. आकिओ टेबलाशी बसून नवीन पत्रांची तयारी करतोय. म्हणजे उतेना हरली? अँथी समोर येते, चष्मा काढून टेबलावर ठेवते, त्याचा निरोप घेते, आणि हातात बॅग घेऊन गेटबाहेर पडते. उतेनाला शोधायला. कोणी तिला जिंकलेलं नाही, सोडवलेलं नाही. गेट आतून बंद नव्हतंच कधी. पण बाहेर पडता येतं, हे तिला उतेनाच्या त्या एका हातामुळे कळलं.

मग आपण काय घ्यायचं?

'हे सगळं कार्टून आहे, खऱ्या आयुष्यात असं नसतं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. ज्या ताकाराझुकामधून या राजपुत्र-मुली आल्या, तिथे सीनियर-जुनियरचा धाक किती कडक असतो हे जपानमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि कौतुकानेही सांगितलं जायचं. २०२३ मध्ये तिथल्या एका २५ वर्षांच्या कलाकार मुलीचा मृत्यू झाला. आधी संस्थेने छळाचा आरोप मान्य केला नाही. मार्च २०२४ मध्ये तो मान्य करून तिच्या कुटुंबाची माफी मागितली. शंभर वर्षांची परंपरा, पण 'हा नियम कशासाठी?' असं विचारायला एक जीव जावा लागला.

आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून आहेत. दर वर्षी आपण सगळे अंडरटेकिंग भरून देतो. ते हवंच. पण नोटीसबोर्डावर लागलेलं पत्र वाचून हसणाऱ्या गर्दीला प्रत्येक वेळी कलम लावता येत नाही. त्या गर्दीत आपण असतो की नाही, ते आपलं आपण बघायचं.

उतेनामधल्या जवळजवळ प्रत्येक भागात दोन मुलींच्या सावल्या येतात आणि 'तुला माहितीये का, तुला माहितीये का' करत एक छोटं नाटुकलं करून जातात. अफवा पसरवणाऱ्यांचा चेहरा दिसत नाही, फक्त सावल्या. आपल्या मेसमध्ये हेच काम 'म्हणे' हा शब्द करतो. पुढच्या वेळी एखाद्या मुलीविषयी 'म्हणे'ने सुरू होणारं वाक्य ऐकलं, तर तिची बाजू घेऊन तावातावाने भांडायची घाई नको. ते राजपुत्राचं काम झालं. तिच्या रूमवर जा, दार वाजवा आणि तिलाच विचारा, तुला काय वाटतं? काही हवंय का? एवढं फार कमी जण करतात.

आणि हो, ३९ भाग गुणिले साधारण २४ मिनिटं म्हणजे साडेपंधरा तास होतात. पी.एल.मध्ये सुरू करू नका. सबमिशन संपल्यावर रूममेटला घेऊन बसा, आणि २० व्या भागाला रुमाल जवळ ठेवा.